टपरीपासून सरळ पश्चिमेस

"मॅडम, तुमची सीमा चाललीय," शिपाई धोंडीराम माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला. सकाळचे साडेदहा झाले होते आणि मी पेन्सिलीला टोक करत होते.

"कुठं चाललीय?"

"दक्षिणेला. ट्रॅक्टरला बांधून."

मी पेन्सिल खाली ठेवली आणि बाहेर आले. कासारवेढे नगर परिषदेच्या पायऱ्यांवरून शाळा क्रमांक दोनची लांब भिंत दिसते. त्या भिंतीच्या कडेकडेने सुभानचाचा तांबोळींची पानटपरी खरोखरच चालली होती. पुढे ट्रॅक्टर, मागे ढकलायला सहा जण, आणि आत नेहमीच्या जागी मांडी घालून बसलेले चाचा. ते पानाला चुना लावत होते. टपरीच्या बरोबरीने चालणाऱ्या एका गिऱ्हाइकाने हात पुढे केला. चाचांनी पान त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "सुपारी बारीक घातलीय. दाढ दुखतेय ना तुझी?"

मी टपरीबरोबर चालू लागले. "चाचा, हे काय चाललंय?"

"मला काय विचारता, नकाशावाल्या ताई. मी तर बसलोय."

ढकलणाऱ्या सहांपैकी एकाने घाम पुसला. "गटार साफ करायचंय, मॅडम. बापूसाहेबांनी सांगितलंय. जनहिताचं काम आहे."

गटार रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होतं.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. तेव्हा माझ्या नोकरीला अकरा महिने झाले होते. भूगोलात एम.एस्सी. करून मी नगर परिषदेत रचना सहायक म्हणून लागले होते. बाराव्या महिन्याच्या शेवटी मुख्याधिकारी तळेकर साहेब माझ्या फायलीवर 'सेवेत कायम करावे' असं लिहिणार होते, किंवा 'करू नये' असं. त्यांच्या टेबलावर डाव्या हाताला ती फाईल असायची आणि तिच्यावर ओव्याची डबी ठेवलेली असायची. ओवा ते कामाच्या ताणाप्रमाणे खात.

त्या आठवड्यात डबी दोनदा भरून झाली होती. निवडणुकीसाठी प्रभागांची नवी रचना जाहीर झाली होती आणि तिचा नकाशा मी केला होता. नकाशासोबत प्रत्येक सीमेचं वर्णन शब्दांत लिहावं लागतं. प्रभाग चार आणि पाच यांच्यामधल्या सीमेचं वर्णन मी असं लिहिलं होतं: 'शाळा क्रमांक दोनच्या भिंतीलगतच्या श्री. सुभान तांबोळी यांच्या पानटपरीपासून, समोरील बोळाने सरळ पश्चिमेस ओढ्यापर्यंत.'

भिंतीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, कुंभारवाडा. त्यात शिरायला तीन बोळ आहेत, वरचा, मधला आणि खालचा. टपरी मधल्या बोळासमोर होती, त्यामुळे एकेचाळीस घरांपैकी तेवीस उत्तरेकडच्या चार नंबरात जात होती आणि अठरा दक्षिणेकडच्या पाच नंबरात. पण टपरी खालच्या बोळासमोर असेल, तर अख्खा कुंभारवाडा चार नंबरात जातो. वरच्या बोळासमोर असेल, तर अख्खा पाच नंबरात. तिन्ही प्रकारे लोकसंख्या नियमात बसते. मी तिन्ही प्रकारे बेरीज करून पाहिली होती.

चार नंबरात बापूसाहेब खराडे उभे राहत, पाच नंबरात मालनकाकी शेळके. मागच्या खेपेला बापूसाहेब एकोणीस मतांनी निवडून आले होते आणि काकी बावीस मतांनी. कुंभारवाडा आपलाच, अशी दोघांचीही खात्री होती. बापूसाहेबांनी कुंभारांना समाजमंदिर बांधून दिलं होतं आणि काकींनी पाण्याचा नळ आणून दिला होता. त्यामुळे अर्धा कुंभारवाडा दोघांनाही नको होता. दोघांना तो अख्खा हवा होता.

यात आणखी एक अडचण होती. बापूसाहेबांची मुलगी काकींच्या मुलाला दिलेली होती. म्हणजे हे दोघे एकमेकांचे व्याही. त्यातही बापूसाहेब मुलीकडचे. विहीणबाईंपुढे आवाज चढवायची त्यांना सोय नव्हती. सभागृहात काकींनी कुठलाही ठराव हाणून पाडला, तरी बापूसाहेब मान झुकवून म्हणत, "विहीणबाई म्हणतात त्यात तथ्य असेल." आणि मग घरी जाऊन दोन दिवस कुणाशी बोलत नसत.

तर मंगळवारी सकाळी टपरी खालच्या बोळासमोर गेली. बुधवारी दुपारी मालनकाकींच्या बायकांनी शाळेपाशी हळदीकुंकू काढलं. मांडवाला टपरी आड येते, म्हणून दुसरा ट्रॅक्टर आला आणि टपरी वरच्या बोळासमोर जाऊन उभी राहिली. गुरुवारी ती पुन्हा खाली. शुक्रवारी पुन्हा वर. चाचा रोज सकाळी आधी टपरी शोधत यायचे आणि मग उघडायचे. शनिवारी संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "तुम्ही अडवत का नाही?"

"कुणाला अडवू? दोघंबी माझं गिऱ्हाईक. बापूसाहेबांना एकशे वीस तंबाखूचं, काकींना मसाला पान. एकाला नाही म्हटलं की दुसऱ्याचा माणूस झालो. पानवाला कुणाचा माणूस नसतो, ताई." त्यांनी लाल फडक्यावर पाणी शिंपडलं आणि पानं पुन्हा झाकून ठेवली. "पण मधली जागा बरी होती. तीस वर्षं डोळे मिटून बसत होतो तिथं."

सोमवारी तळेकर साहेबांनी मला आत बोलावलं.

"बसू नका," ते म्हणाले. मी बसले नव्हते. "मॅडम, तुम्ही एम.एस्सी. आहात ना?"

"हो, सर."

"मग टपरीला चाकं असतात, हे तुमच्या अभ्यासक्रमात नव्हतं का? सीमा लिहायला झाड मिळालं नाही? देऊळ? विहीर? सगळ्या महाराष्ट्रात माणसं नद्या आणि रस्ते लिहितात. माझ्याच वाट्याला पानटपरी?"

"जनगणनेच्या कागदात तीच खूण आहे, सर."

हे खरं होतं. जनगणनेच्या वेळी या भागाची मोजणी एका गुरुजींकडे होती आणि त्यांनी सगळा नकाशा चाचांच्या बाकड्यावर बसून काढला होता. प्रत्येक घर 'टपरीपासून डावीकडे अमुक पावले' असं दिलेलं. पावलं त्यांनी बसल्या बसल्याच मोजली असावीत, कारण त्या हिशेबाने निम्मा कुंभारवाडा ओढ्यात येत होता. तो कागद घेऊन मी नुकत्याच सरलेल्या उन्हाळ्यात अकरा दिवस चाचांच्या फळीपाशी उभी होते. कुठल्या दाराआड किती माणसं, कुठला भाऊ वेगळा निघाला, कुठली म्हातारी दोन घरांत जेवते, हे सगळं चाचांनी दारोदार सांगितलं आणि मी मांडत गेले. नंतर घरोघर जाऊन ताळा केला तर एकच चूक निघाली. एका घरात त्यांनी पाच माणसं सांगितली होती, ती सहा निघाली. सहावं आदल्या रात्री जन्मलं होतं.

तळेकर साहेबांनी ओव्याची चिमूट तोंडात टाकली. "परवा बुधवारी सुनावणी. उपजिल्हाधिकारी बोंद्रे येतायत. खराड्यांनी वकील दिलाय. रचना रद्द झाली, तर प्रकरण हायकोर्टात जाणार आणि तुमच्या फायलीवर मी काय लिहिणार, ते तुम्हाला सांगायला नको."

"नको, सर."

"आणि गुरुवारी अतिक्रमणाचं पथक येतंय. शाळेच्या भिंतीच्या अकरा टपऱ्या उचलायच्या आहेत. यादीत पहिलं नाव कुणाचं आहे माहीत आहे?"

"सुभान तांबोळी."

"तुम्हाला कसं माहीत?"

"यादी मीच टाइप केली होती, सर. एप्रिलमध्ये."

"म्हणजे बुधवारी सीमा, गुरुवारी कचरा डेपो. धन्य आहे. जा तुम्ही."

मंगळवारी दुपारी मी कार्यालयातून बाहेर पडले तर भिंतीकडे तोंड करून वीस-पंचवीस माणसं ओळीने उभी होती. सगळ्यांचे गाल फुगलेले. त्या दिवशी टपरी मुक्कामाला खाली होती. पण माणसं पान घेऊन चालत मधल्या बोळापर्यंत येत, भिंतीवर थुंकत आणि परत दुसरं पान आणायला जात. काही काकींकडची होती, काही बापूसाहेबांकडची. दोन्ही पक्ष प्रथमच एका कामात एकत्र आलेले मी पाहत होते. दुपारी दोनला चाचांची पानं संपली. ती तीस वर्षांत कधी संपली नव्हती.

"काय चाललंय?" मी एकाला विचारलं.

त्याने मान वर करून बोट दाखवलं, की तोंडात पान आहे, बोलता येत नाही.

बुधवारी दहा वाजता नगर परिषदेच्या सभागृहात सुनावणी सुरू झाली. बोंद्रे साहेब बारीक, नीटनेटके गृहस्थ होते. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी ती रुमालाने पुसली. एकूण सतरा हरकती होत्या. नऊ नंबरच्या एका गृहस्थांचं म्हणणं होतं की त्यांच्या प्रभागाचं तोंड दक्षिणेला आहे आणि त्यामुळे प्रभागात कुणाची मुलं परीक्षेत पास होत नाहीत. दोन नंबरच्या तरुण मंडळाची तक्रार होती की नकाशावर त्यांचा प्रभाग पालीसारखा दिसतो आणि बाकीचे प्रभाग हसतात. बोंद्रे साहेबांनी नकाशा हातात घेतला, उलटा धरला आणि विचारलं, "आता?"

मंडळाने माना तिरक्या करून पाहिलं. "आता मोरासारखा दिसतोय, साहेब."

"हरकत निकाली."

मग आमची सीमा आली. बापूसाहेबांचे वकील गुंजाळ उठले. "साहेब, टपरी ही जंगम मालमत्ता आहे. पण ती जर खूण धरायचीच असेल, तर गेली तीस वर्षं ती खालच्या बोळासमोर आहे, असं माझ्या अशिलांचं म्हणणं आहे."

मालनकाकी पदर खोचून उभ्या राहिल्या. वकिलावर खर्च करणं त्यांना मान्य नव्हतं. "साहेब, माझं लगीन होऊन मी या गावात आले, तवा पहिलं पान खाल्लं ते वरच्या बोळासमोर. व्याहीबुवांना विचारा. ते माझ्यापुढं नाही म्हणायचे नाहीत."

बापूसाहेबांनी हात जोडले. मग गुंजाळांच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "विहीणबाईंना नम्रपणे सांगा, त्या खोटं बोलतायत."

"माझे अशील नम्रपणे सांगतात—"

"ऐकलं मी," काकी म्हणाल्या. "व्याहीबुवांना म्हणावं, सुनेला दिवाळीला माहेरी धाडायची का नाही, त्याचा इचार करते मी."

बापूसाहेब खाली बसले.

बोंद्रे साहेबांनी चाचांना पुढे बोलावलं. "तांबोळी, तुमची टपरी नक्की कुठे असते?"

 चाचांनी आधी बापूसाहेबांकडे पाहिलं, मग काकींकडे, मग छताकडे. "साहेब, मी सकाळी आत बसतो, संध्याकाळी उतरतो. मधल्या वेळात ती कुठं जाते, ते हे लोक सांगतील."

"सीमेचं वर्णन कुणी लिहिलं?"

तळेकर साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. इतक्या तत्परतेने त्यांनी काही केलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी उभी राहिले.

"तुमच्या मते टपरी कुठे होती?"

"मधल्या बोळासमोर, सर."

"याला पुरावा?"

"भिंत आहे, सर," गुंजाळ मधेच म्हणाले. "भिंतच साक्ष देईल. आपण स्थळपाहणी करावी, अशी माझी विनंती आहे." आणि ते फार समाधानाने बसले.

अकरा वाजता आम्ही सगळे भिंतीपाशी गेलो. गावातली दोनशेक माणसं आधीच जमली होती. शाळेची भिंत तीनशे दहा फूट लांब आणि सात फूट उंच आहे. तिच्यावर दर वीस फुटांवर 'येथे थुंकू नये' असं लिहिलेलं असे, पण ते शाळेच्या दप्तरात पाहायला लागेल. बाकीच्या दहा टपऱ्यांआडचा भाग सोडला, तर भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत कत्थई होती. बोंद्रे साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि तो शेवटपर्यंत काढला नाही.

"हे पाहा," गुंजाळ खालच्या बोळासमोर थांबून म्हणाले. तिथे भिंतीवर एक पांढरा पट्टा होता. टपरीएवढा रुंद, अगदी स्वच्छ. "सगळीकडे डाग आहेत. इथेच का नाहीत? कारण इथे तीस वर्षं टपरी उभी होती. टपरीच्या मागे कोण थुंकणार?"

युक्तिवाद बिनतोड होता. मला मनातून तो आवडला.

"साहेब, जरा हिकडं या," काकींनी हाक मारली. त्या वरच्या बोळासमोर उभ्या होत्या. त्यांच्यामागेही भिंतीवर एक पांढरा पट्टा होता. तेवढाच रुंद, तेवढाच स्वच्छ. "माझंबी तेच म्हणणं हाय."

बोंद्रे साहेब रुमालातून म्हणाले, "म्हणजे टपऱ्या दोन होत्या?"

 मधल्या बोळासमोर मात्र पट्टा वगैरे काही नव्हता. तिथे भिंत नुसती लाल होती, बाकी भिंतीपेक्षाही लाल, ओलसर आणि चकचकीत. तिच्या शेजारी बापूसाहेबांच्या एकसष्टीचा फ्लेक्स उभा होता, जमिनीपासून पार वरपर्यंत. त्यावर बापूसाहेब हात जोडून हसत होते आणि खाली शुभेच्छुकांचे छत्तीस चेहरे होते.

बोंद्रे साहेबांनी कान टवकारले. "हा आवाज कसला येतोय? गुणगुणल्यासारखा?"

"व्याहीबुवांच्या फोटूतनं येतोय," काकी म्हणाल्या. "त्यांना बोलल्याबिगर राहवत नाही."

दोनशे माणसं हसली. फ्लेक्सवरचेही हसतच होते. खरे बापूसाहेब तेवढे गप्प राहिले.

"तळेकर, इथे जवळपास दुसरं काही कायमचं नाही का? ज्यावरून हे ठरवता येईल?"

तळेकर साहेब रोज जिल्ह्याच्या गावाहून गाडीने येत आणि गाडीतून थेट पायऱ्यांवर उतरत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "काही नाही, सर. भिंत आणि फ्लेक्स."

बापूसाहेबांनी घसा खाकरला, पण बोलले नाहीत. काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. चाचांनी पानाच्या देठाकडे बारकाईने पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहत होते.

"मग अवघड आहे," बोंद्रे साहेब म्हणाले. "मला ही सीमा रद्द करावी लागेल."

तळेकर साहेबांचा हात खिशातल्या डबीकडे गेला. मला फार बोलायची सवय नाही. तेव्हा तर नव्हतीच. पण मी म्हटलं, "सर, मला बादलीभर पाणी मिळेल का?"

"तुम्हाला चक्कर येतेय का?"

"नाही, सर. भिंतीला हवंय."

धोंडीरामने शाळेतून बादली आणली. पुसायला काही नव्हतं. चाचांनी टपरीतून पानं झाकायचं ते लाल फडकं काढलं, पिळलं आणि माझ्या हातात दिलं. आधी मी खालच्या बोळासमोरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे गेले. फडकं भिजवून एकदा वरून खाली फिरवलं. पांढरा रंग फडक्याला आला आणि खालून कत्थई भिंत दिसू लागली. दुसऱ्यांदा फिरवल्यावर सगळं स्पष्ट झालं. चुन्याखाली जुने डाग जसेच्या तसे होते, एकावर एक, घट्ट बसलेले.

"काताचा डाग एकदा उन्हात सुकला की पाण्याने निघत नाही, सर," मी म्हटलं. "चुना मात्र निघतो. हा कालचा आहे. अजून ओला आहे."

गुंजाळांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. त्यांच्या एका बुटाच्या टोकावर चुन्याचा थेंब होता.

"बघा, बघा," काकी म्हणाल्या. "व्याह्यांनी मला फसवायला निघावं?"

"आता वरचा, काकी," मी म्हटलं.

"तो कशाला? तो खराच हाय."

वरचा पट्टाही दोन हातांत गेला. त्याच्याखाली तर डागांआड रंगवलेलं एक जुनं निवडणूक चिन्हही दिसत होतं. काकी म्हणाल्या की चुना त्यांच्या मांडवाचा उरला होता आणि वाया घालवायचा नव्हता.

मग मी मधल्या बोळासमोर आले. तिथे मला जरा धीर गोळा करावा लागला. अकरा वर्षं विज्ञान शिकून मी दोनशे माणसांसमोर थुंकी पुसणार होते. मी फडकं भिजवलं आणि फिरवलं. लाल रंग ओघळून खाली गेला. अजून एकदा. आत काहीच नव्हतं. म्हणजे शाळेचा मूळचा फिका निळा रंग होता, तीस वर्षांपूर्वीचा, नवा वाटावा असा. धोंडीरामनेही दुसरं फडकं घेतलं. अर्ध्या तासात भिंतीवर एक निळा चौकोन उभा राहिला. त्याच्या डावीकडे आणि उजवीकडे कत्थई डागांची कड इतकी सरळ होती, की जणू फूटपट्टी लावून आखली होती. वरच्या बाजूला टपरीच्या छपराचा उतारही उतरला होता.

मी टेप लावली. "सहा फूट पाच इंच."

"आणि टपरी?" बोंद्रे साहेबांनी विचारलं. रुमाल पहिल्यांदाच नाकावरून थोडा खाली आला होता.

धोंडीरामने टपरी मोजली. "सहा फूट पाच इंच, साहेब."

"ढकला इकडे."

दोन्ही पक्षांच्या माणसांनी मिळून टपरी ढकलत आणली, कारण दोघांनाही आता तिच्यापासून लांब उभं राहणं बरं दिसत नव्हतं. चाचा आतच होते. टपरी निळ्या चौकोनापुढे आली आणि चाकं आपोआप चार खड्ड्यांत बसली. चाचांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि मागे न बघता हात लांब करून भिंतीतल्या एका खिळ्याला अडकवला. तो खिळा मीही पाहिला नव्हता.

बोंद्रे साहेबांनी त्या पंच्याकडे पाहिलं.

"कुंभारवाड्यातलं कुणी आहे का?" त्यांनी विचारलं.

गर्दीतून कोंडाबाई नावाची एक म्हातारी पुढे आली. तिच्या हातांना अजून माती होती. "हाय की."

"आजी, तुमचा वाडा दोन प्रभागांत वाटला जाईल. चालेल का?"

"चालंल म्हंजे? तसाच असू द्या, साहेब. अख्खा यांच्याकडं गेला तर त्या नळ बंद करतील. अख्खा त्यांच्याकडं गेला तर हे समाजमंदिराला कुलूप लावतील. अर्धं अर्धं हाय तवर पाणीबी मिळतंय आन लगीनबी लागतंय."

बापूसाहेब आणि मालनकाकींनी त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांकडे सरळ पाहिलं.

निर्णय तिथेच, उभ्या उभ्या झाला. सीमा मधल्या बोळाने, जाहीर झाली होती तशीच. टपरी ही सीमेची खूण असल्याने पुढची प्रभाग रचना होईपर्यंत ती कुणीही हलवू नये. हलवल्यास गुन्हा दाखल होईल.

"पण सर," तळेकर साहेब म्हणाले, "उद्या अतिक्रमणाचं पथक येतंय. यादीत ही टपरी पहिली आहे."

"तळेकर, तुम्ही सीमा उचलणार का?"

"नाही, सर."

"मग यादी दुरुस्त करा."

पथक गुरुवारी आलं. दहा टपऱ्या उचलल्या आणि बाजाराच्या मागच्या बाजूला नेऊन ठेवल्या. मी खिडकीतून पाहत होते. त्या दहांसाठी माझ्याकडे सीमा शिल्लक नव्हत्या.

पंधरा दिवसांनी आरक्षणाची सोडत निघाली. चार नंबर अनुसूचित जातीसाठी गेला आणि पाच नंबर अनुसूचित जातीच्या महिलांसाठी. दोन्ही व्याही घरी बसले. दिवाळीला सून माहेरी गेली.

आचारसंहिता लागली, त्याच दिवशी गावातले सगळे फ्लेक्स काढायचा हुकूम आला. अंतिम रचना तोपर्यंत राजपत्रात छापून झाली होती. दुपारी धोंडीराम शाळेच्या भिंतीशी शिडी लावून बापूसाहेबांच्या एकसष्टीच्या दोऱ्या कापत होता आणि मी यादीवर खुणा करत उभी होते. आधी बापूसाहेबांचं कपाळ खाली वाकलं, मग मिशा, मग जोडलेले हात. छत्तीस शुभेच्छुक घडीत गेले. मागे विजेची डीपी उभी होती. राखाडी रंगाची, माणसाच्या उंचीची, चार पायांवर सिमेंटात पक्की रोवलेली आणि शांतपणे गुणगुणणारी. तिच्या पत्र्यावर पिवळ्या रंगात मोठा नंबर होता.

तळेकर साहेबांची गाडी तेवढ्यात आली. ते पायऱ्यांकडे जाता जाता थांबले आणि परत फिरून आमच्यापाशी आले. डीपीकडे पाहिलं. टपरीकडे पाहिलं. मग पुन्हा डीपीकडे.

"ही इथे कधीपासून आहे?"

"चौऱ्याण्णवपासून, सर. पत्र्यावर लिहिलंय."

"फ्लेक्स कधी लागला?"

"मे महिन्यात."

"आणि नकाशा तुम्ही एप्रिलमध्ये केलात."

"हो, सर."

"गावात सगळ्यांना माहीत असणार."

"सगळ्यांना, सर."

त्यांनी ओव्याची डबी काढली, उघडली आणि तशीच बंद केली. "मॅडम, तुमच्या फायलीवर मी काल सही केली. कायम. आता खोडता येत नाही, म्हणून विचारतो. ही तुम्हाला दिसली नव्हती का?"

"दिसली होती, सर," मी म्हटलं. "टपरीपासून बारा फूट तीन इंच."

 भिंतीच्या कडेने पुढे दहा ठिकाणी दहा निळे चौकोन नुसतेच उघडे पडले होते. तिकडे त्यांनी थोडा वेळ पाहिलं. मग ते टपरीकडे गेले. वर्षभरात प्रथमच.

"एक साधं पान द्या," ते चाचांना म्हणाले. "आणि मॅडमना काय हवं ते."

चाचांनी एक पान उचललं, देठ खुडला आणि चुन्यात बोट बुडवलं.

"त्या खात नाहीत, साहेब," ते म्हणाले. "नुसत्या मोजतात."